पीठ आपलं, जवारी आपली

३० सप्टेंबर, रात्री

घरच्या ग्रुपवर आज भाच्याने कुठला तरी लांबलचक मेसेज ढकलला. कुठे आपत्ती आली की मिशनरी गिधाडांसारखे उतरतात, पोतंभर धान्याच्या बदल्यात अख्खं गाव बाटवतात, वगैरे. खाली तीन अंगठे आणि दोन जोडलेले हात. नेमका आजच्या तारखेला. त्याला तारखेचं काय, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या, पुसल्या. मग नुसतं 'असं सरसकट नसतं रे' लिहिलं, तेही पुसलं. कारण १९९३ च्या ऑक्टोबरात हेच मी स्वतः बोलले होते. याहून बऱ्या मराठीत, आणि चारचौघांत.

म्हणून ही वही काढली.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, आणि ३० च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीच्या भोवतालची जमीन हलली. ६.२ चा भूकंप. जगाच्या हिशेबात हा काही राक्षस नव्हे. पण तो जमिनीखाली फार खोल नव्हता, आणि वर होती आपली माळवदाची घरं. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, गोटे मातीत नुसते बसवलेले, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं थापत आलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर अंगावर आलं. आठ ते दहा हजार माणसं गेली. पुष्कळ ठिकाणी लाकडाचे खांब-तुळया तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध दगडांचा ढीग. ते दृश्य मी आठव्या दिवशी पाहिलं. कॉलेजच्या एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, तुकडी गेली होती, तिच्यात मी. वय एकवीस. एनएसएसचं प्रमाणपत्र मिळतं हे मला माहीत होतं, हेही इथे लिहून ठेवते.

गाव उमरग्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मदतीचा नुसता पूर होता. पाव, पुऱ्या, बिस्किटांचे खोके. जुन्या कपड्यांचा डोंगर, त्यात थंड हवेच्या गावी घालायचे कोटसुद्धा. एका गड्याने त्यातला एक कोट उचलून शेतात बुजगावण्याला चढवला. त्या आठवड्यात गावात कोणी हसल्याचं मला आठवतं ते एवढंच.

शाळेच्या पटांगणात मिशनवाल्यांचा तंबू होता. तीन सिस्टर, एक फादर. एक सिस्टर वसईकडची, स्वच्छ मराठी बोलणारी. पण गावाची बोलणी चालत ती थोरल्या सिस्टरशी. ती केरळची, पन्नाशीची, आणि तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. "बाई आला का? भाकर खाल्ला का?" पोरं तिच्या मागे मागे तिची नक्कल करत फिरायची. तिला कळायचं. ती थांबायची नाही.

आम्ही आल्या आल्या याद्या करायला बसलो. कुटुंबप्रमुखाचं नाव, मृत किती, जखमी किती, काय हवंय. 'काय हवंय' या रकान्यात लोक सांगतील ते आम्ही लिहायचो, आणि लोक सांगायचे ते आमच्याकडे असेल तेच. ब्लँकेट. भांडी. ती सिस्टर मात्र यादी करत नव्हती. बायका ढिगाऱ्यातून जवारी काढून पाखडत बसायच्या, त्यांच्यात जाऊन तीही बसायची आणि खडे वेचायची. दोन दिवस तिने दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "ह्या काय फिरायला आल्यात का?"

तिसऱ्या दिवशी ती फादरना म्हणाली, गिरणी पाहिजे.

आमच्या कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. गावात धान्य होतं. मातीमिसळ, कुठे भिजून वास सुटलेलं, पण होतं. पाव-पुऱ्यांनी लोकांची पोटं बिघडली होती, म्हाताऱ्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नव्हतं. गावची गिरणी दगडांखाली. वीज नाही. ज्यांची दळायची जाती फुटली नव्हती त्यांच्या घरी दळायला माणूस उरलं नव्हतं. दोनशे घरांचा तपशील आमच्या फायलीत होता आणि त्यात 'गिरणी' हा शब्द एकदाही नव्हता, कारण तसा रकानाच नव्हता.

१ ऑक्टोबर

काल लिहिता लिहिता झोप आली. पुढचं.

लातूरहून कुठून तरी जुनं डिझेल इंजिन आलं, त्याच्यासोबत गिरणी. टेम्पोतून उतरवून तंबूशेजारीच, चार खांब पुरून वर पत्रा टाकला. पट्टा चढवला, हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि पुकपुक सुरू झालं.

आणि पटांगण रिकामं झालं.

बायका लेकरं काखोटीला मारून पळाल्या. एक म्हातारी पळता येईना म्हणून जागीच जमिनीला धरून बसली. दोन्ही पंजे मातीत रोवून, जसं आपण बैलगाडीचा कठडा धरतो तसं. इंजिनाने पायाखालची जमीन थरथरत होती. बारीक धक्के अजून रोज येत होते, आणि हा थरथराट त्यांच्यासारखाच होता. कोणीतरी ओरडून इंजिन बंद करायला लावलं. सिस्टर तोंडावर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा इतका पांढरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणी उचलून गावाबाहेर, रस्त्यापलीकडच्या बाभळीजवळ नेली. तिथून आवाज यायचा, पण जमीन हलायची नाही. आवाज कानावर पडला तरी ठीक, जमीन हलायला नको, एवढाच फरक. चांगल्या मनाने केलेल्या कामातही पहिला घाव चुकीच्या जागी बसतो, आणि त्या माणसांनी तो निमूट मान्य करून दुसरी जागा शोधली. आमच्या तुकडीने वाटपाची वेळ चुकवली तेव्हा आम्ही आठ दिवस समर्थन करत होतो.

आता माझं वाक्य. ते मी गिरणीच्या रांगेतच बोलले. वसईच्या सिस्टरने माझ्यासमोर एका पोराचं पायाचं बँडेज बदललं, आणि का कोण जाणे, मला ते सहन झालं नाही. मी शेजारच्या मावशींना हळू आवाजात म्हटलं, "मावशी, जपून हं. आज पीठ देतील, उद्या धर्म मागतील."

मावशींचा थोरला मुलगा आणि नातू गेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचं दळण खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "पीठ कुनाचं गं? जवारी आपली, पीठ बी आपलंच. त्येंनी निस्ती गिरनी आनली. डिझेलचं बी आमीच द्यायलाव."

ते खरं होतं. सिस्टरला दळण फुकट द्यायचं होतं. बायकांनी नाही म्हटलं. याच मावशींचा हिशेब असा: फुकट दळलं तर डिझेल संपेल त्या दिवशी गिरणी बंद, आणि यांची गाडी आली तर चालू. त्यापेक्षा पायलीमागे मूठभर पीठ बाजूला काढायचं. थोडं विकून डिझेल आणायचं, उरलेलं ज्यांची जवारीच गेली त्यांना द्यायचं. पिठाचा तो डबा तंबूत नव्हता. तो मावशींच्या खोपटात होता.

म्हणजे गाव भोळं होतं असं जे मी धरून चालले होते, तेच मुळात चूक. गाव सगळ्यांना वापरून घेत होतं. आम्हाला यादीपुरतं, पुढाऱ्यांना पत्र्यांपुरतं, मिशनला गिरणीपुरतं. कोण कशासाठी आलंय हे त्यांना आमच्याआधी कळलेलं होतं.

२ ऑक्टोबर

भाच्याच्या मेसेजमधलं सगळंच खोटं आहे असंही मला म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच उत्तर अडकलंय. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन होतं. १८७६-७८ चा दुष्काळ आणि पुढे १८९९-१९०० चा, या काळात तिथे पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. पोटासाठी की मनापासून, हा वाद मिशनरी आपसातही घालत. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या, पुढे केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमात त्या वाढल्या. तिथे प्रार्थना होती, बायबल होतं, हे लपवायचं कारण नाही. पण या बाईचे स्वतःचे आई-वडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच उपासाने खंगून गेले होते, हेही त्याच पानावर लिहावं लागतं. त्या मुलींना उचलायला तेव्हा दुसरं कोण गेलं होतं, हा प्रश्न मी भाच्याला विचारणार होते. मग वाटलं, तो आधी मलाच विचारायला हवा.

किल्लारीनंतर एका वर्षाने, १९९४ मध्ये, रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी एक आचारसंहिता केली. तिच्यात साफ लिहिलंय की मदतीचा उपयोग कुठलाही राजकीय वा धार्मिक विचार पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. ती तयार करणाऱ्यांत कारितास ही कॅथलिक मदतसंस्था होती, जगभरच्या चर्च-संस्थांची परिषदही होती. म्हणजे दुखणं त्यांनाही ठाऊक होतं.

आमच्या गावातही ते दिसलं. एका सकाळी बाहेरून कोणी तरुण प्रचारक आला. या सिस्टरांचा नव्हे, दुसऱ्याच कुठल्या गटाचा. त्याने ब्लँकेटच्या घडीत पत्रकं घालून वाटली. मला आतून आनंद झाला. बघा, मी म्हणत होते ना. संध्याकाळी बायकांनी ती पत्रकं चुलीत घातली. थोरली सिस्टर तिथूनच चालली होती. थांबली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कागद ओला आहे. धूर होईल."

मी तिला एकदा सरळ विचारलं. रात्री, पेट्रोमॅक्सशी. "तुम्ही हे सगळं येशूसाठी करता ना?"

"हो," ती म्हणाली. "मग कोणासाठी करू?" आणि पुढे, "तू कोणासाठी आला?"

मी म्हटलं, कॉलेजकडून.

३ ऑक्टोबर

गिरणीच्या रांगेबद्दल लिहायचं राहिलं, आणि तेच खरं लिहायचं होतं.

दळताना आधीच्या माणसाचं थोडं पीठ पाळीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात येतं. हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. गावच्या गिरणीत पूर्वी कोणी कधी यायचं याच्या न बोललेल्या वेळा होत्या. बाभळीखाली त्या उरल्या नाहीत. चौथ्या दिवशी भांडण झालं. वाड्यातल्या दोघीजणी म्हणाल्या, आम्ही सकाळी पहिल्या येऊ, वस्तीतल्या बायकांनी दुपारनंतर यावं. भूकंपाला पंधरा दिवस झाले नव्हते. एकाच रांगेत चिता पेटल्या होत्या.

मला वाटलं आता सिस्टर समतेवर बोलणार. ती बोलली नाही. बिस्किटाच्या डब्याचे पत्रे कापून तिने बिल्ले केले, खिळ्याने आकडे पाडले आणि खुंटीला अडकवले. येईल त्याने वरचा बिल्ला घ्यायचा. त्या दोघीजणी तीन दिवस दुसऱ्या गावाला दळायला गेल्या, डोक्यावर ओझं घेऊन चार-पाच किलोमीटर. चौथ्या दिवशी परत आल्या आणि बिल्ला घेतला. मन बदललं म्हणून नाही, पाय दुखले म्हणून. त्यातली एक बिल्ला घेण्याआधी पदराने पुसायची.

पुढे सरकारने ५२ गावं दुसऱ्या जागी नव्याने वसवली. कोणाकडे जमीन किती, त्यावर घराचं माप ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे जुन्या गावात जे होतं तेच नव्या गावात रेघा मारून. रस्ते सरळ, घरं ओळीत, भावकी इकडे तिकडे. कित्येकांनी वर्षानुवर्षं पक्क्या घरात कडबा भरला आणि स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपले. मिशननेही काही घरं बांधायला हात लावला, आणि तीही तशीच सरळ ओळीतली. तिथे सिस्टरचं कोणी ऐकलं नसावं. किंवा तिलाही सुचलं नसेल.

आम्ही एकोणीस दिवस होतो. ती किती होती मला नक्की कळलं नाही. कोणी चार वर्षं म्हणतं, कोणी सहा.

गेल्या वर्षी लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूला गेले होते, वाट वाकडी केली. नव्या गावात गिरणी आहे, विजेवरची. मालक त्याच मावशींचा नातू, धाकट्या मुलाचा. मावशी नाहीत आता. मागच्या अंगणात जुनं इंजिन गंजून पडलंय, त्याच्या चाकाला शेळी बांधलेली. मी सिस्टरचं नाव विचारलं. त्याला माहीत नव्हतं. आतून त्याची आई म्हणाली, "कोन, गिरनीवाली बाई?" त्यांनाही नाव आठवेना. गावात कोणी ख्रिस्ती झालं का, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. विचारलं नाही, कारण तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय, दळन आनलं व्हय?"

नाही म्हटलं.

"मग सरका जरा तिकडं, रांग हाय."