मुक्काम कुठे? आधी नेट बघू

मोटरहोममध्ये राहायला लागलं की पाणी, गॅस आणि बॅटरी यांच्यावर रोज लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडे त्यात चौथी गोष्ट आहे, नेट. मी गाडीतूनच ऑनलाइन वर्ग घेते. नवरा इमारतींचे आराखडे करतो आणि त्याच्या फायली जड असतात. नेट बंद पडलं तर काम बंद, आणि काम बंद पडलं तर प्रवासही बंद.

या वेळी समुद्राच्या कडेकडेने निघून, डोंगर ओलांडून पलीकडच्या देशात उतरायचं होतं. वाटेत नेटची जवळजवळ सगळी रूपं भेटली. राउटर कोणता, सिम कुठलं, याची चर्चा सगळे करतात. माझं मत विचाराल तर गाडी कुठे आणि कशी उभी करता, याला त्याहून जास्त महत्त्व आहे.

किनारा सोपा गेला. सपाट जमीन आणि टॉवर नजरेच्या टप्प्यात. अडचण एकच, शनिवार-रविवारची गर्दी. एका टॉवरची क्षमता तिथले सगळे फोन वाटून घेतात, त्यामुळे संध्याकाळी किनारा माणसांनी भरला की रेंज तीच दिसते आणि वेग मात्र पार बसतो. पहाटे त्याच जागी सगळं सुसाट चालतं. नवऱ्याने फायली पाठवायची वेळ तेव्हापासून पहाटेची केली.

डोंगर सुरू झाले आणि खरी कसोटी लागली. एका अरुंद दरीत, नदीकाठच्या मोकळ्या जागेवर आम्ही गाडी लावली. फोनवर रेंज फुल, पण साधं पान उघडेना. सकाळी वर्ग होता. नवऱ्याने राउटरचं पान उघडून आकडे वाचून दाखवले, "सिग्नल उणे ८३ आहे गं, झकास आहे. पण एसआयएनआर बघ, उणे २."

हे दोन आकडे समजले की निम्मं काम झालं. पहिला आकडा, ज्याला आरएसआरपी म्हणतात, तो सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतो. तो डेसिबलमध्ये मोजतात आणि उण्यात असतो. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० ला कसंबसं, उणे ११५ च्या पलीकडे फारशी आशा नाही. दुसरा, एसआयएनआर, सांगतो की गोंगाटाच्या मानाने आपला सिग्नल किती वर आहे. २० च्या वर असेल तर मजा आहे, शून्याच्या खाली गेला की जोरदार सिग्नलचाही उपयोग नाही. फोनवरच्या दांड्या बहुतेक वेळा पहिल्याच आकड्यावर बेतलेल्या असतात. म्हणून त्या बघून मुक्काम ठरवू नये.

दरीच्या दोन्ही तोंडांना एकेक टॉवर होता आणि आम्ही बरोब्बर मधे. छतावरचा आमचा अँटेना चारही बाजूंनी ऐकणारा, त्यामुळे दोन्ही टॉवर एकाच वेळी कानावर पडत होते आणि एकाचंही धड कळत नव्हतं. "अरे, गाडी त्या कड्याच्या आडोशाला घेऊन बघ," मी म्हटलं. अंधार पडत आला होता. मी बाहेर उभी राहून टॉर्च दाखवत होते आणि तो मागे मागे घेत होता. कडा एका टॉवरच्या आड आला आणि आकडे पालटले. सिग्नल उणे ९६ वर घसरला, एसआयएनआर मात्र ११ वर चढला. दर १० डेसिबलला ताकद दहापट घटते, म्हणजे सिग्नल आधीच्या साधारण विसाव्या हिश्श्यावर आला होता. सकाळचा वर्ग एकदाही न अडखळता झाला. मला त्या दिवशी फार आनंद झाला, आणि ही गोष्ट मी भेटेल त्या प्रत्येक मोटरहोमवाल्याला सांगते.

जिथे असा कडा नसतो, तिथे दिशादर्शी अँटेना बाहेर काढतो. तो एकाच दिशेला नीट ऐकतो, बाकीच्या दिशांना कमी. दांड्यावर चढवायचा, थोडासा फिरवायचा आणि थांबायचं. राउटरवरचे आकडे जरा उशिरा बदलतात, त्यामुळे प्रत्येक कोनाला अर्धा मिनिट तरी द्यावा. घाईघाईने गरगर फिरवून काही हाती लागत नाही.

गाडीच्या आत राउटर ठेवून का भागत नाही, असं बरेच जण विचारतात. आमच्या गाडीचं अंग पत्र्याचं आहे, आणि धातू रेडिओलहरी परतवून लावतो. आत येतं ते खिडक्यांतून. म्हणून अँटेना छतावर हवा आणि त्याची केबल शक्य तितकी आखूड. बारीक केबल दोन-तीन मीटर लांब झाली तरी बराच सिग्नल वाटेतच जिरतो, आणि हजारो खर्चून घेतलेला अँटेना फुकट जातो. आमचा राउटर छतालगतच्या कप्प्यात, अँटेनाच्या बरोबर खाली आहे. छताला भोक पाडताना नवऱ्याने पत्र्याची उघडी कड आधी कानशीने घासली, तिला गंजरोधक रंग लावून पूर्ण वाळू दिला आणि मगच सीलंट भरलं. ही पायरी गाळू नका. पाणी आत शिरलं की नेटपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

दरीतून वर पठारावर आलो तेव्हा वेगळाच प्रकार. डाउनलोड ठीक, पण वर्गात माझं चित्र गोठायचं. याचं कारण सरळ आहे. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, आपला फोन किंवा राउटर जेमतेम ०.२ वॅटने. टॉवर लांब असला की त्याचं आपल्यापर्यंत येतं, आपलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे शिकवणाऱ्याने, फायली पाठवणाऱ्याने वेग तपासताना अपलोडचा आकडा आधी बघावा. मला स्थिर दोन-तीन एमबीपीएस अपलोड पुरतो. तेवढाही नसेल तर चित्र बंद करते, नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसच्या आसपास भागतं आणि फळ्याची पानं आधीच पाठवून ठेवलेली असतात.

पठारावर बँडही, म्हणजे लहरींचा पट्टा, आम्ही हाताने निवडला. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडीतून बऱ्यापैकी पार होतात. १८०० आणि २६०० वेगवान, पण त्यांचा पल्ला कमी. राउटर आपला वेगाच्या मोहाने १८०० पकडायचा, तो सुटायचा, मग ८०० वर यायचा, पुन्हा वर उडी. दर उडीला वर्ग तुटायचा. ८०० वर बांधून ठेवला आणि वेग कमी पण अखंड मिळाला. वर्गासाठी मला अखंडच हवं.

कुणी सिग्नल वाढवणारे बूस्टर सुचवतात. अनेक देशांत ते विनापरवाना वापरणं बेकायदा आहे आणि चुकीचा बूस्टर अख्ख्या परिसराच्या नेटवर्कला त्रास देतो. आम्ही त्या वाटेला जात नाही.

मग जंगल. तिथे टॉवरच नाही. इथे उपग्रह कामाला येतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर परत वर जाऊन खाली येणार, यात नुसत्या अंतरापायी जवळजवळ अर्धा सेकंद जातो. पत्र लिहायला चालेल, पण वर्गात दोघं एकदमच बोलायला लागतात. स्टारलिंक या उपग्रहावरून नेट देणाऱ्या सेवेने मे २०१९ मध्ये ६० उपग्रहांची पहिली मोठी खेप सोडली. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा उशीर बोलताना जाणवत नाही. मोटरहोममधून काम करणाऱ्यांसाठी मागच्या काही वर्षांत इतका मोठा बदल दुसरा झालेला नाही.

पण त्याला उघडं आकाश लागतं. एक फांदी आड आली तरी उपग्रह तिच्यामागे जाताच काही सेकंद नेट गायब. जंगलात आम्ही सावली सोडून, उन्हात, रस्त्यालगतच्या मोकळ्या तुकड्यावर थांबलो. नवरा हळहळला, कारण झाडाखालची जागा खरंच देखणी होती. उन्हाचा एक फायदा मात्र झाला, सौर पॅनेललाही तेच हवं होतं. कारण स्टारलिंकची, उपग्रहाशी बोलणारी डिश वीज खाते. लहान डिश सरासरी ३० वॅट धरली तर दहा तासांत ३०० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २५ अँपिअर-तास. मोबाइल राउटरला याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही वीज लागत नाही. म्हणून टॉवर मिळत असेल तिथे आम्ही डिश काढतच नाही, आणि काढली तरी रात्री बंद. शिवाय या सेवेला प्रत्येक देशाचा परवाना वेगळा असतो. सीमा ओलांडायच्या आधी तिथे ती चालू आहे का आणि आपल्या योजनेत बसते का, हे बघावंच लागतं.

सिमचं थोडक्यात सांगते. दोन सिम ठेवा, पण दोन वेगळ्या टॉवरवाल्यांची. बऱ्याच स्वस्त कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या दुसऱ्याच्याच टॉवरवर चालतात. नावं दोन आणि टॉवर एकच, अशी जोडी काही कामाची नाही. "अमर्यादित" योजनेत हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा आहे का, तेही वाचा. युरोपीय संघातल्या सिमला १५ जून २०१७ पासून संघातल्या इतर देशांत रोमिंगचा जादा आकार पडत नाही, पण त्यालाही वाजवी वापराची मर्यादा आहेच. बाकी ठिकाणी नव्या देशाचं ई-सिम सीमेच्या अलीकडेच, नेट असतानाच फोनमध्ये उतरवून घेणं सोयीचं.

कॅम्पच्या वाय-फायवर मी वर्ग घेत नाही. कार्यालयापासून चार गाड्या लांब गेलं की ते विरतं. रात्री सगळे झोपल्यावर फोनचे अपडेट आणि पुढच्या टप्प्याचे नकाशे उतरवायला ते ठीक. कंपन्यांच्या कव्हरेज नकाशांवरही मी मुक्काम ठरवत नाही, ते बहुतांशी गणिताने काढलेले अंदाज असतात. सेलमॅपर या ॲपवर लोकांनी स्वतः मोजलेले आकडे आणि टॉवरच्या जागा दिसतात, त्यावरून दरीची कुठली बाजू धरायची ते कळतं. वर्गाच्या आदल्या दिवशी दुपारीच थांबतो. उजेड असताना जागा बदलायला वेळ मिळतो.

शुक्रवारचा शेवटचा वर्ग संपला की पुढचे दोन दिवस नवऱ्याचे. मग तो झाडीत, खोल दरीत, हवं तिथे गाडी नेतो आणि मी आकडे विचारत नाही. फक्त उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र दाराजवळ चार्ज करून ठेवलेलं असतं. आमचं इरिडियम या कंपनीच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतं, त्यामुळे ध्रुवांपर्यंत कुठेही पोचतं. आईला रोज रात्री त्यावरून "पोचलो, बरे आहोत" एवढंच जातं. वर दाट फांद्या असतील तर त्यालाही पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणून ते हातात घेऊन जरा उघड्यावर जाते.