पणजी बघायची तर भरतीची वेळ धरून

पणजीला जाताना मी आधी भरतीची वेळ बघतो. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारच्या आसपास येते, मग रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कदंब बसस्थानकातून बाहेर पडून पाटोच्या पुलावर त्या वेळी उभं राहावं. उरेमची खाडी तुडुंब भरलेली असते आणि समोरचं शहर पाण्याच्या किती जवळ बसलंय ते दिसतं.

पूर्वेला रायबंदरकडे जाणारा बांध १६३३-३४चा, सुमारे ३ किलोमीटर. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात. तिथे साथींनी माणसं मरू लागली, वस्ती विरली आणि १७५९मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. वाडा मांडवीकाठी, पण आसपास बरीचशी दलदल आणि माड. शहर म्हणावं असं काम झालं १८२७ ते १८३५मध्ये, मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो याच्या कारकिर्दीत: वाळूची टेकाडं सपाट केली, दलदल भरून काढली, रस्ते आखले. १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. नाव दिलं नोव्हा गोवा.

म्हणून मधल्या भागातले रस्ते सरळ, आणि आल्तिनो टेकडी व खाडी यांच्या बेचक्यात दाटलेल्या फोंतेन्यातल्या गल्ल्या वाकड्या. लोक तिथल्या रंगीत भिंतींपुढे फोटो काढून निघतात. खिडक्या मात्र राहून जातात. जुन्या लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्याचे घासून पातळ केलेले चौकोनी तुकडे बसवलेत. आतून उजेड दुधाळ येतो, ऊन टोचत नाही. तुकडा फुटला की तसा दुसरा सहज मिळत नाही, मग तिथे साधी काच किंवा पत्रा लागतो. अख्खी खिडकी दिसली तर थांबून बघा.

भरावाची जमीन पावसात हिशेब मागते. गटारांचं पाणी शेवटी सांतिनेजची खाडी नाहीतर मांडवी, तिकडेच जायचं. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की नदीची पातळीच वर असते, पाणी बाहेर पडत नाही आणि ‘१८ जून’ नावाच्या बाजाराच्या रस्त्यावर तुंबतं. ओहोटी लागली की उतरायला लागतं. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, यासाठी मानस नावाची झडप असते: भरतीला दार नदीच्या दाबानेच मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. शहरात पंप लावावे लागतात.

जुलैत जाणार असाल तर बूट नकोत, रबरी चपला घाला. आणि १८ जून रस्त्यावरची खरेदी ओहोटीला उरका.