तुम्ही विचारलंत म्हणून: कुवेतला परत का गेलो

धोपाव्याच्या फेरीबोटीत, लग्नाच्या पंगतीत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर चपला शोधताना, कुठेही विचारतात. "चाचा, एवढं भोगून परत कुवेतला गेलात कशाला?" एकदा दापोलीला दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. तोंडात कापूस होता म्हणून ते सुटले.

लोकांना चालेल असं उत्तर माझ्याकडे तयार आहे: पोटासाठी. खोटं नाही ते. घराच्या चिऱ्याच्या भिंती उभ्या होत्या, स्लॅब नव्हता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. खाडीच्या मासळीवर आणि खाजणातल्या भातावर किती भागतं, ते मुंबईत बिऱ्हाड केलेल्यांनी मला सांगू नये. १९९३च्या जानेवारीतल्या दंगलीत मुंबईहून जीव घेऊन गावाला पळून आलेले आमचेच लोक दोन-चार महिन्यांत परत त्याच गल्ल्यांत राहायला गेले. त्यांना कुणी विचारतं? मलाच का?

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट १९९०च्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा काय झालं ते सांगत बसत नाही. सिनेमा निघाल्यापासून ते तुम्हालाच जास्त माहीत आहे. मी कुवेतच्या हवल्ली भागात गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. हिशेबाला एक पॅलेस्टिनी होता, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्यांच्यात बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आम्हीही तशीच मारायचो. ते नाव इथे लिहीत नाही. तुलकर्मकडचा. १९६७ साली घर सुटलेलं, पासपोर्ट जॉर्डनचा. चहात मरमियाची पानं टाकायचा. मला तो वास काढ्यासारखा वाटायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्हा चौघांना बसऱ्याची बस मिळाली. बस उभी राहायची तिथवर त्याने आपल्या कॅप्रिस गाडीतून सोडलं. पहिल्या इराकी चौकीवर मी नेहमीसारखं खिडकीतून "हिंदी, हिंदी", म्हणजे भारतीय, म्हटलं आणि सुटलो. त्या महिन्यात तो शब्द म्हणजे परवानाच होता. आपले परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटून आले होते, आणि त्या गळाभेटीवर इकडे पेपरवाले तुटून पडले होते म्हणे. त्या गळाभेटीवर मी जगलो, त्यामुळे त्याबद्दल माझं मत विचारू नका.

दुसऱ्या चौकीवर "हिंदी" चाललं नाही. मिसरूड फुटलेला पोरगा होता, बंदूक त्याच्यापेक्षा लांब. आम्हाला खाली उतरवलं. पाण्याचे दोन्ही कॅन काढून घेतले. चौघांचे पासपोर्ट एकावर एक ठेवून हातात घेतले आणि आत निघाला. पुढे हजार किलोमीटरचा रस्ता, बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवरचं वाळवंट. पासपोर्ट आणि पाणी नसेल तर संपलंच. माझा पायजमा ओला झाला. इतक्या वर्षांत हे घरातही सांगितलेलं नाही.

हिशेबवाला गाडीतून उतरला. त्या पोराला "बेटा" म्हणाला, खांद्यावर हात टाकला, गाव विचारलं, आई विचारली. सिगारेटची दोन कार्टनं दिली. दहा मिनिटं हसून बोलत उभा राहिला. मग पोराने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, पासपोर्ट परत दिले, एक कॅनही दिला. गाडीत बसल्यावर हिशेबवाल्याने रुमाल काढून गाल पुसले. परत पुसले. बोलला काहीच नाही.

बसपाशी त्याने माझ्या हातात एक कागद दिला. माझी साडेसहा वर्षांची इंडेम्निटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळायची ती रक्कम, राहिलेल्या रजा, सगळा हिशेब, खाली कंपनीचा शिक्का. म्हणाला, "जपून ठेव, लागेल." बँका बंद, मालक देशाबाहेर, रस्त्यावर रणगाडे, आणि हा रात्रभर बसून माझ्या रजा मोजत होता.

पुढचं सगळ्यांचं सारखंच आहे. वाळवंटातले तंबू, पावाच्या ट्रकमागे धावणं, अम्मान, एअर इंडिया. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं, एक लाख सत्तर हजारांवर माणसं, त्यांतला मी एक. मुंबईत सहार विमानतळावर उतरलो, एसटीने घरी आलो तेव्हा भात पोटरीत होतं. आयेने नखशिखांत बघितलं आणि चूल पेटवायला गेली. मी सगळ्यांना सांगितलं, कुवेतच्या दिशेने आता थुंकणारसुद्धा नाही.

दीड वर्षाने गेलो. कुवेत इराकच्या हातून सुटलं होतं, तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या. त्या शिक्क्याच्या कागदावर माझा पै न पै मिळाला. वर मला हिशेबाची खुर्ची दिली. त्याच्या निम्म्या पगारात. पॅलेस्टिनींचे नेते अराफत सद्दामच्या बाजूने बोलले, त्याचं बिल कुवेतमधल्या सगळ्या पॅलेस्टिनींच्या नावावर फाडलं गेलं. चारेक लाख होते ते. बरेचसे आमच्यासारखेच युद्धाच्या आधी निघून गेले होते, त्यांना परत येऊ दिलं नाही. उरलेल्यांतल्या बहुतेकांना नंतर घालवलं. त्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. मला बोलावणं का आलं, ते यातच आलं.

मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, पहिल्याच आठवड्यात केबिनमध्ये बोलावलं. हिशेबवाल्याचं अम्मानहून पत्र आलं होतं, बावीस वर्षांची इंडेम्निटी मागणारं. मुदीरने विचारलं, "त्या दिवसांत तो इराकी शिपायांशी बोलायचा का?"

मी म्हटलं, "हो, बोलायचा."

त्याने पत्रावर काहीतरी खरडलं. हाताने लिहिलेलं अरबी मला वाचता येत नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, विचारलं तेवढंच सांगितलं, आणि खरं सांगितलं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्यांच्या हातात होता. आणखी बोलतो तर इराक्यांशी बोलणाऱ्यांत मीही धरला गेलो असतो. स्लॅब तसाच राहिला असता. मी त्याला म्हणतो, एक शब्द पुरला असता: "आमच्यासाठी". "आमच्यासाठी बोलायचा." तो म्हणतो, तू आता खाडीकाठच्या ओटीवर आरामात बसून बोलतोयस. तेही खोटं नाही. कधी तो वरचढ ठरतो, कधी मी.

माझ्या उत्तराने काही फरक पडला का, की मुदीरचं आधीच ठरलं होतं, देव जाणे. त्याचे पैसे कंपनीतून गेले नाहीत एवढं मला माहीत आहे, कारण वही माझ्याकडेच होती. तेरा वर्षं.

इराककडून भरपाई मिळाली ती वेगळी. पुढे दुसरा दावा करणार नाही या बोलीवर माणशी ४,००० डॉलर, तेही हप्त्यांनी. एकूण ५,२४० कोटी डॉलर फेडून इराक २०२२ साली मोकळा झाला. फॉर्ममध्ये देश सोडल्याची तारीख होती. कुणी सोडवलं, असा रकाना नव्हता. त्याने जॉर्डनकडून फॉर्म भरला असेल असं मी धरून चालतो. पत्र मात्र कधी लिहिलं नाही. पत्ता होता, मुदीरच्या फाइलमध्ये.

इराक्यांचा राग येतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न असतो. त्या मिसरूडवाल्याचा नाही येत. मुदीरचा येतो, पण त्याने माझे पैसे वेळेवर दिले.

गेल्या महिन्यात फेरीबोटीत एका पोराने विचारलं. त्याचा कुवेतचा व्हिसा निघालाय, म्हणून विचारत होता. मी म्हटलं जा. कागद जपून ठेव म्हटलं. तेवढ्यात धोपावे आलं, गाड्या सुरू झाल्या.