आमची वाटचाल : सहाणेपासून जुन्या चाकूंपर्यंत

आमचं दुकान बेळगावात, खडेबाजाराच्या एका बोळात. आजोबा पायानं फिरवायची सहाण खांद्यावर घेऊन शहापूर, वडगाव, अनगोळ असं गल्लोगल्ली हिंडायचे. वडिलांनी ही जागा भाड्यानं घेतली आणि मोटरवरची सहाण बसवली. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, घरोघरच्या विळ्या, अडकित्ते, हंगामात उसाचे कोयते, अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांच्या रांप्या. पोटापाण्याचं काम हेच, आजही. जुने मिटवायचे चाकू दुकानात आले ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळं.

मी नुकताच गल्ल्यावर बसायला लागलो होतो. मराठा पलटणीतले एक रिटायर्ड सुभेदार कॅम्पात राहायचे. एक दिवस ते रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन आले. पहिल्या महायुद्धात त्यांचे वडील बसऱ्याला होते, तिकडून आणलेला. दोन पाती, म्हशीच्या काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू. "धार लावून ठेव," एवढंच म्हणाले. मला वाटलं, थोरल्या माणसाचं काम आहे, मनापासून करू. बफावर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर धरून पाती आरशासारखी केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नख घालून पातं उघडलं, उजेडाकडं धरलं, मुठीलगतच्या जाड भागावरून अंगठा फिरवला. "हितं चांदणी होती. कुठं गेली?"

"गंज होता काका, काढला की सगळा."

ते काही बोलले नाहीत. पैसे ठेवले आणि गेले. वडील रागावले नाहीत, पण पुढं महिनाभर त्यांनी मला बफाला हात लावू दिला नाही.

ती चांदणी काय होती, हे मला फार उशिरा कळलं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रूस. ही खूण 1764 पासूनची. 1822 मध्ये या कंपनीला राजाला माल पुरवण्याची नेमणूक मिळाली, म्हणून पात्यावर मुकुट आणि राजाची आद्याक्षरंही असायची. 'व्ही आर' असेल तर व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे 1901 पर्यंतचा काळ. 'जी आर' असेल तर जॉर्जचा. 'इंग्लंड' हा शब्द बराचसा 1890 च्या अमेरिकन कायद्यानंतर येऊ लागला, कारण तिकडं जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. मात्र एकाच खुणेवरून वय सांगू नये. जुना चाकू स्वतःबद्दल जे सांगतो त्यातलं बरंचसं त्या नखाएवढ्या जागेवर लिहिलेलं असतं, आणि मी नेमकी तीच जागा घासून टाकली होती.

त्यानंतर जुना चाकू दिसला की मी आधी भिंग घ्यायला लागलो. बेळगावात असे चाकू निघतात ते छावणीमुळं. पेन्शनरांच्या ट्रंकांतून, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या सामानातून, भंगारवाल्यांच्या पोत्यांतून. सर्वांत जास्त येतो तो दुसऱ्या महायुद्धातला फौजी चाकू. काळी खरबरीत मूठ, रुंद पातं, डबा फोडायचं हत्यार आणि पाठीला दोरांच्या गाठी सोडवायची दाभण. त्यावर सरकारी बाणाची खूण असते. आमच्या भागातले कितीतरी जवान उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढून आले; हे चाकू त्यांच्याबरोबर गावी आले आणि पुढं बैलांचे कासरे कापत राहिले. मला हाच चाकू सर्वांत आवडतो. किंमत फार येत नाही, पण कामासाठी घडवलेली वस्तू हातात कशी बसते ते त्यात कळतं.

हळूहळू दुरुस्तीचं काम वाढलं. कोल्हापूर, गोवा, हुबळीहून लोक यायला लागले. सैल झालेला सांधा पितळी तारेचा नवा रिव्हेट ठोकून घट्ट करतो. तुटलेली स्प्रिंग उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून आणतो; तिथल्या पोरांना पाणी देण्याचं, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कडक करण्याचं काम चांगलं जमतं. मूळ भाग निघालाच तर पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देतो. धार लावायची ती निसण्यावर, हातानं. सहाणेवर पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग कितीही पाजवा, धार टिकत नाही.

गंजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण रोज कुणीतरी विचारतं. साध्या पोलादावर येणारी करडी-निळसर झाक हा गंज नव्हे. ती राहू द्यावी. लाल गंज मात्र खातो. त्यावर शिलाई मशीनचं तेल घालून रात्रभर ठेवतो आणि तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेनं हलक्या हातानं खरवडतो. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. खोबरेल घालू नका, ते चिकटतं आणि सांधा धरतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू ठेवणं म्हणजे गंजाला बोलावणं.

दुसरा धडाही पावसाळ्यातलाच. एका खणात मी बारा-तेरा चाकू ठेवले होते. त्यात एक शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठीचा होता, सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा. श्रावणात खण उघडला तर मुठीला भेगा, बोटाला चिकट ओल आणि शेजारच्या पाच चाकूंवर तांबूस डाग. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजायला लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. खणात फुटाफुटावर ठेवलेल्या चाकूंनाही ती लागते. तेव्हापासून अशा मुठीचा चाकू एकटा, हवेशीर डब्यात.

हस्तिदंती मूठ आणि सांबरशिंगाची मूठ आम्ही घेत नाही, विकत नाही. शेफिल्डच्या कारखान्यांत आपल्याकडचंच सांबरशिंग गेलं हे खरं आणि त्या मुठी सुंदर असतात हेही खरं. पण सांबर, हत्ती हे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं राखलेले प्राणी आहेत. खानापूरच्या जंगलात सांबर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं यावरून तुटली, त्याचं वाईट वाटतं, पण निर्णय बदललेला नाही.

आज धार लावण्याचं काम माझा पुतण्या बघतो. मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जुन्या चाकूंना बसतो. कुणाकडं आजोबा-पणजोबांचा चाकू असेल तर जरूर घेऊन या, नुसतं दाखवायला आणलात तरी चालेल. फक्त येण्याआधी घासू-पुसू नका. आहे तसा, धुळीसकट, रुमालात गुंडाळून आणा.