सुट्या भागांचा वृक्ष: ॲक्सेसमधील ट्रीव्ह्यूचा माझा अनुभव

यंत्रसंच आणि त्यांचे सुटे भाग यांची नोंद ठेवणारे एक ॲप्लिकेशन मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तयार करत होतो. संच उघडला की त्याखालचे उपसंच दिसावेत, उपसंच उघडला की त्याचे भाग दिसावेत आणि ही उतरंड कितीही खोल गेली तरी चालावी, अशी वापरणाऱ्यांची मागणी होती. सबफॉर्मच्या (फॉर्मच्या आत बसवलेल्या फॉर्मच्या) आत सबफॉर्म ठेवून दोन-तीन पातळ्या सहज दाखवता येतात. पण किती पातळ्या लागतील हे आधी ठाऊक नसेल, तर तो मार्ग उपयोगाचा नाही. म्हणून मी ट्रीव्ह्यू कंट्रोल, म्हणजे नोंदी झाडाच्या फांद्यांसारख्या उघडत-मिटत दाखवणारे फॉर्मवरचे साधन, घ्यायचे ठरवले.

फॉर्मला हात लावण्यापूर्वी मी टेबलांची रचना नक्की केली, आणि या कामात सर्वाधिक विचार तिथेच करावा लागतो असे माझे ठाम मत आहे. वृक्षासाठी सहसा सुचवली जाणारी रचना सोपी असते: प्रत्येक नोंदीत तिच्या पालकाचा क्रमांक ठेवायचा आणि मुळाशी असलेल्या नोंदीत तो रकाना रिकामा सोडायचा. कर्मचारी आणि त्यांचे वरिष्ठ, किंवा विभाग आणि उपविभाग यांच्यासाठी ती पुरते, कारण तिथे प्रत्येकाला एकच पालक असतो. सुट्या भागांचे तसे नसते. एकच बेअरिंग पंपातही बसते आणि गिअरबॉक्समध्येही. त्यामुळे मी भागांचे एक टेबल केले आणि जोडणीचे दुसरे. या दुसऱ्या टेबलात पालक भाग, घटक भाग आणि नगांची संख्या असे तीन रकाने ठेवले. पहिल्या दोन रकान्यांची मिळून प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) केली आणि घटकाच्या रकान्यावर शोध जलद व्हावा म्हणून वेगळा इंडेक्स दिला. दोन्ही रकाने भागांच्या एकाच टेबलाकडे बोट दाखवतात, म्हणून रिलेशनशिपच्या खिडकीत ते टेबल दोनदा आणावे लागते.

एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या १९९९ च्या मानकात स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या क्वेरीची (प्रश्नाची) सोय आली. पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर काम करणाऱ्याला त्यामुळे सगळा वृक्ष एका क्वेरीत मिळतो. ॲक्सेसच्या स्वतःच्या इंजिनात ही सोय नाही. तिथे व्हीबीए या ऑफिसच्या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःलाच बोलावणारे फंक्शन लिहून एकेक पातळी उतरत जाणे, हाच सरळ उपाय आहे.

ट्रीव्ह्यू हे कंट्रोल ॲक्सेसचे अंगभूत नाही. ते विंडोज कॉमन कंट्रोल्सच्या फाइलमधून येते. ऑफिसची ६४-बिट आवृत्ती २०१० मध्ये प्रथम आली तेव्हा तिच्यासाठी ही फाइल नव्हती, आणि ६४-बिट आवृत्तीत या कंट्रोलची सोय २०१७ मध्ये झाली. ज्या संगणकांवर ॲप्लिकेशन चालणार आहे, तिथे ऑफिसची कोणती आवृत्ती आहे हे मी काम सुरू करण्यापूर्वीच तपासले, आणि तसे तपासावे असेच मी प्रत्येकाला सांगेन.

ट्रीव्ह्यूत नवा नोड, म्हणजे वृक्षातली एक ओळ, जोडताना तो कोणत्या नोडखाली जाणार, कोणत्या नात्याने जाणार, त्याची की (ओळखीचा मजकूर) कोणती आणि त्यावर दिसणारा मजकूर कोणता, एवढे सांगावे लागते. यातली खरी कसोटी कीची. की केवळ अंकांची चालत नाही. तशी दिली तर ३५६०३ क्रमांकाची एरर येते, म्हणून भागाच्या क्रमांकाआधी रोमन लिपीतले एक अक्षर लावण्याची पद्धत आहे. पण माझ्या वृक्षात तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. बेअरिंग दोन फांद्यांवर येणार आणि दोन्हीकडे की तीच असेल, तर ती अद्वितीय नाही असे सांगणारी ३५६०२ क्रमांकाची एरर येणार. यावर मी कीमध्ये मुळापासूनची सगळी वाट लिहिली: पालक नोडची की, तिच्यापुढे या भागाचा क्रमांक आणि शेवटी एक तिरकी रेघ. भागाचा खरा क्रमांक नोडच्या टॅगमध्ये, म्हणजे नोडसोबत राहणाऱ्या पण न दिसणाऱ्या माहितीच्या जागेत, ठेवला. नोडवर क्लिक होताच शेजारचा सबफॉर्म त्या टॅगवरून फिल्टर होतो आणि भागाचा तपशील समोर येतो.

या वाटेचा आणखी एक उपयोग झाला. पंपाखाली गिअरबॉक्स आणि त्याच गिअरबॉक्सखाली पुन्हा पंप अशी नोंद कुणी केली, तर फंक्शन स्वतःला बोलावतच राहते आणि शेवटी स्टॅकची (अशा बोलावण्यांसाठी राखलेल्या मेमरीची) जागा संपून कोड थांबतो. मुलाचा क्रमांक पालकाच्या कीमध्ये आधीच आहे का, हे पाहिले की हे चक्र लगेच सापडते. मात्र हा शोध घेताना क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ हवी आणि कीची सुरुवातही रेघेनेच व्हायला हवी. नाहीतर १२ मध्ये १ सापडतो आणि निर्दोष भाग गाळला जातो. हीच तपासणी मी नोंद सेव्ह होण्याआधीच्या इव्हेंटमध्येही (त्या क्षणी आपोआप चालणाऱ्या कोडमध्येही) घातली, म्हणजे चक्र टेबलात शिरतच नाही.

फॉर्म उघडताना सगळा वृक्ष भरणे मला पटले नाही. भाग वाढत जातात तसा फॉर्म उघडायला वेळ लागू लागतो, आणि वापरणाऱ्याला त्या वेळी एखादीच फांदी पाहायची असते. म्हणून सुरुवातीला फक्त मुळाचे संच भरले. ज्यांच्याखाली काही आहे, त्यांच्याखाली एक रिकामा नोड ठेवला, कारण मूल असल्याशिवाय फांदी उघडण्याचे अधिकचे चिन्ह दिसत नाही. फांदी उघडल्यावर येणाऱ्या इव्हेंटमध्ये हा रिकामा नोड काढायचा आणि खरे भाग जोडायचे. कोणाखाली मुले आहेत हे प्रत्येक नोडसाठी वेगळी क्वेरी चालवून विचारण्याऐवजी मी भागांच्या क्वेरीतच जोडणीच्या टेबलावरून मोजून घेतले; फॉर्मच्या वेगात यामुळे पडलेला फरक स्पष्ट जाणवत होता.

नगांची संख्या दाखवताना थोडे थांबावे लागले. एका संचात २ पंप, प्रत्येक पंपात २ बेअरिंग हाउसिंग आणि प्रत्येक हाउसिंगला ४ बोल्ट असतील, तर बोल्टच्या नोडवर ४ दाखवायचे की १६? जुळणी करणाऱ्याला ४ हवे असतात, खरेदी करणाऱ्याला १६. मी दोन्ही लिहिले: आधी त्या जागचे नग आणि पुढे एकूण. पालकाची एकूण संख्या फंक्शनकडे पुढे देत गेले की हा गुणाकार उतरताना आपोआप होतो. फांदी नंतर उघडली जात असल्यामुळे ही एकूण संख्याही मला टॅगमध्ये भागाच्या क्रमांकाशेजारी ठेवावी लागली.

वृक्ष चालू झाल्यावर भांडार सांभाळणाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला: हा बोल्ट कुठे कुठे लागतो? त्यासाठी नवे टेबल लागले नाही. त्याच फंक्शनला पालक आणि घटक हे रकाने अदलाबदल करून दिले, मुळाशी बोल्ट ठेवला आणि त्याखाली तो ज्या उपसंचांत बसतो ते, त्याखाली ते ज्या संचांत बसतात ते, असा वृक्ष उभा राहिला. एखादा भाग बंद करून त्याजागी दुसरा घ्यायचा असेल, तर आता भांडारातले लोक आधी हा दुसरा वृक्ष उघडतात आणि कोणत्या संचांना धक्का लागेल ते पाहून मगच नोंद बदलतात.