सातव्या दिवसाची जखम

मधुमेही उंदराची जखम भरायला इतका उशीर का लागतो, हा आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेचा प्रश्न होता आणि त्यासाठी जखमेचा सातवा दिवस आम्ही मुद्दाम निवडला होता. निरोगी उंदरात या सुमारास दाह ओसरून नवी ऊती धरू लागते. मधुमेही उंदरात तो रेंगाळतो. भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशीवरचे प्रथिन, सदोष असलेले हे उंदीर सारखे खात राहतात आणि लठ्ठ होतात. त्या सकाळी एकाच्या शेपटीतला रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावला, तर आकड्याऐवजी नुसते ‘हाय’ उमटले, म्हणजे साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेलेली होती.

जखमा नीतिशास्त्र समितीच्या परवानगीने, भूल देऊन, पाठीवर कातडीचा गोल तुकडा कापणाऱ्या ६ मिलिमीटरच्या पंचने केलेल्या होत्या. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असल्यामुळे त्याची जखम बरीचशी कडा आकसूनच बंद होते. माणसात तसे फारसे घडत नाही, म्हणून कडा आकसू नयेत यासाठी भोवती सिलिकॉनची चकती टाके घालून बसवावी लागते. (उंदीर ती चकती कुरतडून काढतात, हे कोणत्याही शोधनिबंधात पुरेशा कळकळीने लिहिलेले नसते.)

जखमांचे तुकडे कात्रीने बारीक करून ऊती विरघळवणाऱ्या कोलॅजनेज या विकरात ३७ अंश सेल्सिअसला ठेवले, जाळीतून गाळले आणि सुट्या झालेल्या पेशी अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशींचे प्रकार ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवल्या. मधुमेही जखम कापतानाच वेगळी लागत होती: पिवळसर, बुळबुळीत, कात्रीच्या पात्याला चिकटणारी.

माझी अपेक्षा अशी होती की या जखमांत मॅक्रोफेज, म्हणजे मृत पेशी आणि जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, कमी भरतील. लीबोविच आणि रॉस यांनी १९७५ मध्ये गिनिपिगमधील मॅक्रोफेज घटवले, तेव्हा जखमेतला मृत कचरा साफ होईना आणि पुढची भरण लांबली. त्यामुळे उणीव हेच कारण असेल असे वाटणे स्वाभाविक होते. पडद्यावर मात्र उलटेच चित्र आले. मॅक्रोफेज भरपूर होते, निरोगी जखमेपेक्षा जास्तच, आणि त्यांच्याबरोबर न्यूट्रोफिलचा, म्हणजे जखमेकडे आधी धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, दाट पुंजका होता, ज्यातल्या बऱ्याच पेशींवर मृत्यूची खूण असलेला अॅनेक्सिनचा रंग चढलेला होता. घंटागाडी दारात उभी आणि कचरा तसाच पडलेला, असा तो प्रकार होता.

मी या मोजणीचा आलेख घेऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी तो पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, “किती आहेत ते राहू दे, खातात का ते बघ.”

सुदैवाने दोन्ही प्रकारच्या उंदरांच्या अस्थिमज्जेतून आठवडाभर वाढवलेले मॅक्रोफेज इन्क्युबेटरमध्ये तयार होते. त्यांच्यासमोर मृत न्यूट्रोफिल ठेवले, आणि त्या न्यूट्रोफिलना असा रंग दिला की तो पेशीच्या पोटातल्या आम्लात पोहोचल्यावरच लाल चमकतो. निरोगी मॅक्रोफेजांत तासाभरात लाल ठिपके दिसू लागले. मधुमेही उंदराचे मॅक्रोफेज मृत पेशींना नुसते चिकटून राहिले. गिळणारे तुरळकच होते. गिळणे हे निव्वळ सफाईचे काम नसते: मृत पेशी पोटात गेल्यावरच मॅक्रोफेज दाहाचे संदेश आवरतो आणि आयएल-१०, टीजीएफ-बीटा यांसारखी दुरुस्तीला पोषक प्रथिने सोडू लागतो. न गिळलेला न्यूट्रोफिल मात्र शेवटी फुटतो, त्यातले इलास्टेज हे प्रथिने तोडणारे विकर सांडते आणि नव्याने विणली जाणारी ऊतीच कुरतडते. दाह भडकवणाऱ्या रेणूंवर औषधे शोधताना दाह मिटवणाऱ्या या कामाकडे दुर्लक्ष होते, असे माझे मत त्या दुपारी पक्के झाले.

मला अधिक चकित केले ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन्ही प्रकारच्या पेशी आठवडाभर एकाच माध्यमात, सारख्याच साखरेत वाढल्या होत्या, तरी फरक टिकून होता. साखर आटोक्यात आल्यावरही पायाच्या जखमा चिघळत राहणारे रुग्ण डॉक्टरांना भेटतात, त्याचा धागा इथे असेल का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा प्रश्न लहान नव्हता.

मॅडमनी मात्र मला लगेच जमिनीवर आणले. या उंदरांच्या मॅक्रोफेजांतही लेप्टिनचा ग्राहक सदोषच असतो, तेव्हा दोष साखरेने मागे ठेवलेला की जनुकातूनच आलेला, हे या प्रयोगातून ठरत नव्हते. म्हणून जनुके शाबूत असलेल्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करून, मधुमेही करायचे आणि त्यांचे मॅक्रोफेज याच कसोटीला लावायचे असे ठरले. त्यासाठीच्या परवानगीचा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतला.