पहिला ब्लॉक

डेंटल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्ही फँटम हेडवर, म्हणजे डमी डोक्यावर शिकलो. रबरी गाल, प्लॅस्टिकचे दात, आणि ड्रिल कुठेही घसरलं तरी समोरचा हूं की चूं करत नाही. तिसऱ्या वर्षी ओपीडीत खऱ्या तोंडात माउथ मिरर घातला, तर तो दातांवर टकटक वाजायला लागला. माझा हात थरथरतोय हे माझ्याआधी पेशंटला कळलं.

त्यातही ओरल सर्जरीची, म्हणजे दात काढायच्या विभागातली पोस्टिंग म्हणजे पोटात गोळाच. ठरलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायचा, केस शीटवर सही मिळवायची आणि चुकलं तर पेशंटसमोरच बोलणी खायची. सुईची भीती मला कधीच नव्हती. पाठीमागे कोण उभं आहे, याची होती.

मी काढायची पहिली खालची दाढ उजवीकडची, 46 नंबर. साठीच्या मावशी एसटीने दीड तास प्रवास करून आल्या होत्या. बीपी घेतलं, शुगर आहे का विचारलं, ‘जेवून आलात ना?’ हेही विचारलं. मी स्वतः मात्र सकाळपासून नुसत्या चहावर.

वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, दाताशेजारी बधिर करायचं औषध दिलं की झिरपतं. खालच्या दाढांपाशी हाड जाड. म्हणून नस जबड्यात शिरते तिथेच, आतल्या बाजूला, औषध सोडावं लागतं. हाच ब्लॉक. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याने खाच चाचपायची, सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवरून (दाढांच्या पुढच्या छोट्या दातांवरून) आणायची, सुई 20 ते 25 मिलिमीटर आत, हाड लागलं की किंचित मागे, रक्त येत नाही ना बघायचं, मग सावकाश औषध. सगळं तोंडपाठ होतं. आदल्या रात्री रूममेटला आ करायला लावून पेनने तालीमही केली होती.

सुई निम्मी आत गेली नसेल, तोच हाड लागलं. फारच लवकर. मला ते कळलंही. पण दिशा बदलायची म्हणजे मावशी कळवळणार, सर वळून बघणार. मी तिथेच औषध सोडून मोकळी झाले.

“ओठ जड झाला का?”

“न्हाई गं पोरी.”

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जिभेला जरा मुंग्या आल्या होत्या, बस. हिरडीला प्रोब, म्हणजे टोकदार अवजार टोचलं तर मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

सरांनी माझ्या अ‍ॅनाटॉमीचा उद्धार केला. काय बोलले ते आठवत नाही, कानात नुसतं घूं घूं होत होतं. ते गेल्यावर पीजी मॅमनी, म्हणजे एमडीएस करणाऱ्या सीनियरनी हळूच विचारलं, “हाड लवकर लागलं होतं ना? मग आपण पुन्हा देऊ. लागलं की सिरिंज कॅनाइनकडे, सुळ्याकडे आण, थोडी आत सरकव, मग परत मागे ने. आणि आधी दोन बिस्किटं खाऊन ये.”

‘हाड लवकर लागलं’ एवढंच वाक्य मी मघाशी मोठ्याने म्हटलं असतं, तर मावशींची एक सुई वाचली असती.

दुसऱ्या वेळी मी मावशींना सांगितलं, “दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.” सुई शिरताच हात वर गेला. मी थांबले. काहीही कोसळलं नाही. त्यांनी हात खाली घेतला, मी पुढे गेले, आणि हाड लागलं तेव्हा सुईचा थोडासाच भाग बाहेर होता. थोड्या वेळाने मावशी गाल चाचपत म्हणाल्या, “ओठ सुजला का काय गं?” सुजलेला नव्हता, बधिर झाला होता. इतकं गोड वाक्य मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही. दाढ त्यानंतर दहा मिनिटांत निघाली.

आठ दिवसांनी मावशी जखम दाखवायला आल्या आणि वरच्या दाढेवर बोट ठेवलं.

“ही बी दुखायली. तूच काढ.”

वर ब्लॉकची भानगड नव्हती. तालूतली सुई मात्र चांगलीच झोंबते, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं.